वादळाचं बारसं करणारा पिडिंग्टन

क्रांती चौकातून समुद्र किती लांब असेल? पश्चिमेकडे सरळ रेषेत मोजत गेलं तर पावणेतीनशे किलोमीटर, आणि मध्ये अख्खा सह्याद्री आडवा. त्यामुळे आपल्याकडे वादळ म्हणजे वळवाचं. पत्रे उडवणार, लाइट घालवणार आणि तासाभरात संपणार. तरीही मे-जूनमध्ये आणि दिवाळीच्या मागेपुढे टीव्हीवर ढगांचं ते गोल फिरणारं चित्र आलं, की मेसमध्ये सगळे 'सायक्लोन, सायक्लोन' करत ताटं घेऊन टीव्हीसमोर बसतात. हा शब्द ग्रीक मुळाचा, असं डिक्शनरी सांगते. पण तो घडला आपल्याच देशात, कलकत्त्यात. घडवणारा माणूस हवामान खात्यातला नव्हता, कारण तेव्हा हवामान खातंच नव्हतं. तो समुद्र सोडून जमिनीवर स्थिरावलेला एक जहाजी कप्तान होता. त्याचं नाव हेन्री पिडिंग्टन.

त्याचा काळ डोळ्यांपुढे आणायचा तर आपल्या चौकातला काळा चबुतरा आठवा. जून १८५७ मध्ये हैदराबाद कंटिंजंटच्या घोडदळातल्या शिपायांनी इथे बंड केलं आणि त्यांना शिक्षा याच जागी झाली, असं आपलं शहर सांगत आलं आहे. 'क्रांती चौक' हे नाव त्यावरूनच. ते शिपाई इथे उभे होते तेव्हा साठीचा पिडिंग्टन कलकत्त्यात आयुष्याचं शेवटचं वर्ष जगत होता. तो कंपनी सरकारचा माणूस. त्याला वाचवायची होती ती कंपनीची आणि व्यापाऱ्यांची जहाजं. हे विसरून त्याची आरती करण्यात अर्थ नाही. पण त्याने जे काम केलं ते इंजिनिअरिंगच्या प्रत्येक विद्यार्थ्याने एकदा तरी वाचावं असं मला वाटतं. मोजमापाची साधनं नसताना मोजायचं कसं, आणि मोजलेल्यावर किती विश्वास ठेवायचा, या दोन प्रश्नांत त्याची वीस वर्षं गेली.

जन्म १७९७ चा, इंग्लंडमधल्या ससेक्स परगण्यातला. कोवळ्या वयात तो व्यापारी जहाजांवर चढला, पूर्वेकडच्या आणि चीनच्या व्यापारात कप्तान झाला, आणि पुढे बंगालमध्येच राहिला. एका विषयावर टिकून राहणं त्याच्या स्वभावात नसावं. १८३२ साली त्याने भारतातल्या वनस्पतींच्या नावांची एक सूची छापली. माती, खनिजं, उल्का यांचं पृथक्करण केलं. कलकत्त्याच्या आर्थिक भूविज्ञान संग्रहालयाचा तो क्युरेटर झाला, एशियाटिक सोसायटीत काम केलं, सागरी अपघातांची चौकशी करणाऱ्या कोर्टाचा अध्यक्ष झाला. आजच्या भाषेत सांगायचं तर सगळ्या ब्रँचचे पेपर दिलेला माणूस! जहाज फुटलं की कप्तान, सुकाणूवाला, खलाशी त्याच्यापुढे येऊन आपापली हकिकत सांगायचे. एकाच वादळाच्या पाच हकिकती पाच तऱ्हेच्या असतात, हे त्याला तिथे रोजच्या कामात दिसत असणार.

त्याच्या आयुष्याला वळण दिलं एका पुस्तकाने. विल्यम रीड नावाचा लष्करी इंजिनिअर (बघा, आपलाच माणूस) १८३१ च्या चक्रीवादळानंतर बार्बाडोस बेटावर पडझड दुरुस्त करायला गेला होता. तिथून त्याच्या डोक्यात वादळांनी घर केलं. त्याच्या आधी अमेरिकेत विल्यम रेडफील्ड या गृहस्थाने १८२१ च्या वादळात पडलेली झाडं पाहिली होती. एका भागात ती एका दिशेला आडवी, तर थोडं दूर गेल्यावर बरोबर उलट दिशेला. म्हणजे वारा सरळ वाहत नाही, गोल फिरतो. रीडने हाच विचार पुढे नेऊन १८३८ साली वादळांच्या नियमावर ग्रंथ लिहिला. तो कलकत्त्याला पोचला आणि पिडिंग्टन कामाला लागला.

जून १८३९ मध्ये बंगालच्या उपसागरात एक वादळ झालं. त्यात सापडलेल्या जहाजांची लॉगबुकं त्याने गोळा केली. सरकारनेही कप्तानांना नोंदी पाठवण्याच्या सूचना दिल्या. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये गोदावरीच्या मुखाशी असलेल्या कोरिंगा बंदरावर भयानक वादळ आलं. आपल्या पैठणच्या पायऱ्या धुणारी गोदावरी जिथे समुद्राला मिळते, तिथलंच हे बंदर. त्याचा दुसरा निबंध या वादळावर आहे. पुढच्या बारा-पंधरा वर्षांत एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात असे वीसहून जास्त निबंध आले.

पद्धत ऐकायला सोपी. समुद्राचा नकाशा घ्यायचा. एकाच दिवशी एकाच वेळी कोणतं जहाज कुठे होतं ते मांडायचं. प्रत्येक जहाजापाशी वाऱ्याच्या दिशेचा बाण काढायचा. बाण एका वर्तुळावर बसले की वर्तुळाचा मध्य तो वादळाचा मध्य. दुसऱ्या दिवसाचं वर्तुळ काढलं की वादळ किती चाललं तेही कळलं.

आता यातल्या अडचणी बघा. खवळलेल्या समुद्रात तीन दिवस सूर्य दिसला नाही, तर जहाज कुठे आहे हे कप्तानालाच माहीत नसतं. वेग आणि दिशा यांवरून अंदाज बांधायचा, बस्स. त्यात जहाजी दिवस दुपारी बारा वाजता सुरू व्हायचा, तोही आपल्या तारखेच्या बारा तास आधी. म्हणजे सोमवारी दुपारी घडलेली गोष्ट काही लॉगबुकांत मंगळवारच्या तारखेखाली. हे लक्षात न घेता बाण मांडले तर एका वादळाची सहज दोन वादळं होतील! शिवाय ज्या जहाजाने वादळाचा मध्य सर्वांत जवळून पाहिला ते बहुधा लॉगबुकासकट तळाला गेलेलं. हाती येतात ते वाचलेल्यांचे कागद. आपल्या स्टॅटिस्टिक्सच्या भाषेत, नमुनाच एकतर्फी.

कधी मात्र नशीबही हात द्यायचं. फेब्रुवारी १८४५ मध्ये मॉरिशसजवळ चार्ल्स हेडल नावाचं जहाज वादळात सापडलं. शिडं उतरवून ते वाऱ्याबरोबर पळत सुटलं. सुमारे पाच दिवस पळत होतं, तेराशे मैलांच्या वर अंतर कापलं, आणि शेवटी निघालं होतं तिथून साडेतीनशे मैलांवर पोचलं. झालं काय होतं? वादळाभोवती त्याने पाच पूर्ण प्रदक्षिणा घातल्या होत्या. पिडिंग्टनने लॉगबुकावरून तो मार्ग नकाशावर उतरवला तेव्हा स्प्रिंगसारखी वेटोळी उमटली. वादळ गोल फिरतं आणि फिरता फिरता पुढे सरकतं, याचा याहून चांगला पुरावा प्रयोगशाळेतही मिळाला नसता. त्या जहाजावरच्या लोकांचं काय झालं असेल, ती गोष्ट वेगळी.

मग १८४८ मध्ये त्याचं खलाशांसाठी लिहिलेलं प्रसिद्ध पुस्तक आलं. भाषा साधी, उदाहरणं जहाजांवरची, आणि सोबत शिंगाच्या पारदर्शक पातळ चकत्या, त्यांवर वर्तुळात बाण काढलेले. उत्तर गोलार्धासाठी एक, दक्षिण गोलार्धासाठी एक. ती चकती नकाशावर आपल्या जागी ठेवायची, वाऱ्याचा बाण जुळवायचा, की वादळाचा मध्य कोणत्या बाजूला आहे ते कळतं आणि पळायचं कुठे तेही. सीओईपीच्या रेखाटन वर्गातल्या सेटस्क्वेअरइतकं सोपं साधन.

याच पुस्तकातून 'सायक्लोन' हा शब्द जगभर गेला. ग्रीक मूळ वर्तुळाचं, सापाच्या वेटोळ्याचं. इथे एक बारीक गोष्ट आहे, आणि मला पिडिंग्टन आवडतो तो त्यासाठीच. वारा अगदी शुद्ध वर्तुळात फिरतो की आत वळत जातो याबद्दल तेव्हा भांडणं चालू होती. त्याने मुद्दाम असा शब्द निवडला की ज्यात गोल फिरणं येतं, पण ते गणिती वर्तुळच आहे अशी हमी येत नाही. म्हणजे बारसं करतानाच त्याने जेवढं ठाऊक आहे तेवढंच नावात घातलं.

नावात सावधगिरी होती, पण चकतीवर मात्र वर्तुळच होतं. छापायला काहीतरी एक आकार लागतोच! पुढे हे महागात पडू शकेल असं दिसलं. चार्ल्स मेल्ड्रम हा शिक्षक आधी मुंबई इलाख्यात होता, १८४८ मध्ये तो मॉरिशसला गेला. तिथे त्याने वर्षानुवर्षं जहाजांच्या नोंदी तपासून दाखवलं की वारा आत वळत जातो. मग वर्तुळाच्या नियमाने काढलेला मध्य खऱ्या जागेपासून बाजूला पडतो, आणि त्यावर विसंबून पळणारं जहाज चुकून जवळही जाऊ शकतं.

हे झालं वादळ कुठे आहे याबद्दल. ते किती जोराचं होतं, हा प्रश्न याहून अवघड.

२१ मे १८३३ ला हुगळीच्या मुखाशी आलेल्या वादळात ड्यूक ऑफ यॉर्क हे जहाज किनाऱ्यावर फेकलं गेलं. त्याच्या बॅरोमीटरची नोंद २६.३० इंच अशी सांगितली जाते. हेक्टोपास्कलमध्ये ८९१. नेहमीचा दाब १०१० च्या आसपास असतो. हा आकडा खरा धरला तर भारताजवळच्या समुद्रातलं आजवर नोंदलेलं सर्वांत तीव्र वादळ ते ठरतं. पण धरायचा का?

मेकॅनिकलवाल्यांनी इथे लक्ष द्यावं. पाऱ्याचा स्तंभ ३० अंश सेल्सिअसला शून्य अंशापेक्षा साधारण अर्धा टक्का लांब दिसतो. ३० इंचांत हा फरक ०.१५ इंचांचा, म्हणजे ५ हेक्टोपास्कलचा. ही दुरुस्ती केली तर खरा दाब वाचलेल्यापेक्षा कमी निघतो. उलट नळीत वरच्या पोकळीत थोडी हवा किंवा ओल शिरलेली असेल तर ती पाऱ्याला खाली ढकलते आणि दाब खोटाच कमी दिसतो. जहाज हेलकावे खातं तेव्हा पारा वर-खाली उड्या मारतो. त्या गोंधळात कंदिलाच्या उजेडात वाचणाऱ्याने कोणता क्षण टिपला? त्या जहाजाचा बॅरोमीटर आधी कशाशी ताडून पाहिला होता का? जहाजच फुटलं, तिथे आता कोण तपासणार. म्हणून तो आकडा ना पुसता येतो, ना छातीठोकपणे सांगता येतो. त्याच्या शेजारी २२ सप्टेंबर १८८५ ची ओडिशातल्या फॉल्स पॉइंट दीपगृहावरची नोंद ठेवा. २७.१३५ इंच, ९१९ हेक्टोपास्कल. जमिनीवरचं स्थिर उपकरण, दुरुस्त्या केलेल्या. अभ्यासक हिच्यावर विसंबतात. आणि गंमत म्हणजे १९९९ च्या ओडिशा महाचक्रीवादळाचा ९१२ हा आकडासुद्धा उपग्रहाच्या चित्रांतला ढगांचा आकार पाहून काढलेला अंदाज आहे. अमेरिकेसारखी विमानं वादळाच्या डोळ्यात घालून दाब मोजण्याची रीत आपल्याकडे नाही.

वाऱ्याच्या वेगाचंही तेच. पिडिंग्टनच्या कप्तानांकडे वेग मोजायला काही नव्हतं. कोणती शिडं टिकली आणि कोणती फाटली यावरून वाऱ्याचा नंबर द्यायचा. १८४६ मध्ये थॉमस रॉबिन्सनने चार वाट्यांचं फिरतं यंत्र काढलं आणि वाट्यांच्या तिप्पट वेग वाऱ्याचा असतो असं मानलं. दशकांनंतर कळलं की हा गुणक तीन नसून पुष्कळ यंत्रांत अडीचच्याही खाली असतो. म्हणजे त्यावरून काढलेले जुने वेग वीस टक्क्यांहून जास्त फुगलेले. आणि खऱ्या मोठ्या वादळात यंत्रच आधी मोडून पडतं, त्यामुळे शेवटचा आकडा हा बहुतेक वेळा यंत्राच्या ताकदीचा असतो, वादळाच्या नव्हे.

पिडिंग्टनच्या निबंधांची शैली रटाळ आहे हे कबूल. पानंच्या पानं लॉगबुकांचे उतारे, मग तक्ता, मग कोणती नोंद का घेतली, कोणती का सोडली. पण त्या रटाळपणामुळेच आज दीडशेहून जास्त वर्षांनी कुणी त्याचा निष्कर्ष पुन्हा तपासू शकतो. नंतरच्या याद्या बनवणाऱ्यांनी नेमका हाच भाग गाळला आणि फक्त आकडे उचलले.

त्याचा परिणाम मुंबईबाबत बघा. जगातल्या भीषण वादळांच्या कितीतरी याद्यांत ६ जून १८८२ चं मुंबईचं वादळ आहे. मृत एक लाख. आता १८८१ च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या पावणेआठ लाखांच्या आसपास होती. म्हणजे दर आठांतला एक माणूस गेला आणि शहरातल्या वर्तमानपत्रांना पत्ता नाही? कुलाब्याची वेधशाळा तेव्हा जोरात चालू होती, तिलाही पत्ता नाही? अलीकडे अभ्यासकांनी जुने कागद तपासले तेव्हा असं वादळ झाल्याचा काहीच पुरावा मिळाला नाही. जे झालंच नाही ते छापत राहिलं. आणि जे झालं, १ नोव्हेंबर १८५४ चं, ज्यात काही तासांत हजारभर माणसं गेल्याच्या नोंदी आहेत, ते मुंबईकरांनाही आठवत नाही. कलकत्त्याच्या १७३७ च्या वादळाचीही हीच कथा. लंडनच्या मासिकात तीन लाख मृत छापले गेले, पण त्या वेळी कलकत्ता शहरात तेवढी माणसंच नव्हती. कंपनीच्या कागदांत शहरातला आकडा तीन हजारांचा निघाला. कोरिंग्याच्या १८३९ च्या वादळालाही याद्यांत तीन लाखच चिकटवलेले आहेत. हा आकडा याद्या करणाऱ्यांना भलताच प्रिय दिसतो! उलट बाजूही आहे. किनाऱ्यावरच्या कोळीवाड्यांत ना लॉगबुक होतं ना बॅरोमीटर. त्यांच्यावर आलेली कितीतरी वादळं कोणत्याच यादीत नसतील.

कुणी म्हणेल, जुनी मढी उकरून काय मिळणार? सिव्हिलच्या मुलांनी आयएस ८७५ चा तिसरा भाग उघडून पाहावा. त्यात मुंबईचा मूळ वाऱ्याचा वेग सेकंदाला ४४ मीटर आहे आणि आपल्या शहराचा, तिथे छापलेल्या औरंगाबाद या नावाखाली, ३९. दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात. वेगात दहा टक्के चूक झाली की भारात एकवीस टक्के. २०१५ च्या आवृत्तीत चक्रीवादळी किनाऱ्यासाठी जादा गुणक आला, साधारण साठ किलोमीटर रुंद पट्ट्यासाठी. पण तो पूर्व किनाऱ्याला आणि गुजरातला. कोकण त्यात नाही, कारण कोकणच्या नोंदींत मोठी वादळं कमी. मग ३ जून २०२० ला निसर्ग श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला चढलं आणि नारळी-पोफळीच्या बागा आडव्या करून गेलं. नोंदींत कमी म्हणजे प्रत्यक्षात कमी की लिहिणारे कमी, हे ठरवायला पुन्हा जुनी लॉगबुकंच चाळावी लागतात.

आता पिडिंग्टनच्या शेवटच्या मोठ्या कामाकडे. १८५० च्या सुमारास हुगळी गाळाने भरतेय, कलकत्त्याचं बंदर बंद पडेल अशी भीती व्यापाऱ्यांना होती. म्हणून सुंदरबनात मातला नदीवर नवं बंदर काढायचं ठरत होतं. १८५३ मध्ये पिडिंग्टनने गव्हर्नर जनरल डलहौसीला छापील पत्र लिहून विरोध केला. त्याचं म्हणणं असं की ही जागा उपसागराला उघडी आहे, आज ना उद्या वादळाबरोबर खाऱ्या पाण्याची लाट येईल आणि बंदर बुडवेल. त्याच्याकडे वाऱ्याचा वेग नव्हता, लाटेच्या उंचीचं गणित नव्हतं, कोणत्या वर्षी हेही सांगता येत नव्हतं. होत्या त्या फक्त आधीच्या वादळांच्या तपासलेल्या नोंदी. नेमका आकडा नाही म्हणून तो गप्प बसला नाही, आणि पत्रात वजन यावं म्हणून आकडा बनवलाही नाही.

पत्र बाजूला ठेवलं गेलं. ७ एप्रिल १८५८ ला पिडिंग्टन कलकत्त्यात वारला. ५ ऑक्टोबर १८६४ ला कलकत्त्यावर आलेल्या वादळात साठ हजारांच्या आसपास माणसं गेली. त्यानंतरच्या चौकशांतून आणि दुष्काळांच्या धक्क्यांतून १८७५ मध्ये भारतीय हवामान खातं उभं राहिलं.

मातलाकाठचं बंदर तोवर बांधून झालं होतं. लॉर्ड कॅनिंगचं नाव त्याला मिळालं. रेल्वे आली, धक्के आले, गोदामं, हॉटेल सगळं आलं. १ नोव्हेंबर १८६७ च्या रात्री वादळ आलं. ते काही शतकातलं मोठं वादळ नव्हतं, आणि लाट होती सहा फुटांच्या आसपास. धक्के, गोदामं, रुळ एवढ्यानेच उखडले गेले, आणि थोड्या वर्षांत बंदर कायमचं सोडून दिलं. रेल्वे तेवढी राहिली. आज सियालदाहून निघणाऱ्या कॅनिंग लोकलमध्ये सुंदरबन बघायला जाणारे पर्यटक असतात आणि कलकत्त्यात घरकामाला येणाऱ्या बायका असतात. बंदर नाही.